एकशे बत्तीस ग्रॅम

गेल्या पावसाळ्यात, एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, नागपुरातल्या हुडकेश्वरमधल्या माझ्या घरमालकीणबाईंवर फसवणुकीचा जाहीर आरोप झाला. आरोप मोबाइलवरच्या एका गटात झाला. जुनी कॉमिक्स जमवणाऱ्या, विकणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या लोकांचा तो गट आहे. शेजारच्या राज्यातल्या एका खरेदीदाराने लिहिलं, की बाईंनी त्याला एका मालिकेचा पहिला अंक मूळ छपाईचा म्हणून विकला आणि पाकिटातून निघाली अलीकडची नक्कल. सोबत चार फोटो होते. बारा वाजता गटप्रमुखांनी निकाल दिला. खरेदीदाराने अंक परत पाठवायचा, बाईंनी रविवारपर्यंत पैसे परत करायचे. नाहीतर बाईंचं नाव फसव्यांच्या यादीत जाईल आणि त्यांना गटातून काढलं जाईल.

तेव्हा त्या बासष्ट वर्षांच्या होत्या आणि नऊ वर्षं त्या गटात होत्या. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. आम्ही भाडेकरू त्यांना काकू म्हणायचो.

पैसे परत करणं त्यांना जड नव्हतं. रक्कम बँकेत तशीच पडून होती. त्यांची मुलगी मौद्याला असते. जावई वीज केंद्रात कामाला. दुपारी मुलीचा फोन आला तेव्हा मी खाली पाण्याची मोटर सुरू करायला गेलो होतो. काकूंचा फोन नेहमी स्पीकरवर असे.

"देऊन टाक वं माय पैसे. कायले कटकट करतं या वयात?"

"पैसे देल्ले का मी चोर झाली."

"कोन वयखते तुले तिकडं?"

"तेच तं. तिकडं मले कोनी वयखत नाही. नुसतं नाव हाये. तेच गेलं तं काय उरलं?"

फोन ठेवल्यावर त्यांनी चारही फोटो पुन्हा पाहिले. मोठे करून, एकेक कोपरा. मग मला म्हणाल्या, "फोटो खरे हायेत गा."

"म्हणजे अंक खोटा होता?"

"अंक खोटा हाये. फोटो खरे हायेत. म्हंजे त्याच्यापाशी दोन अंक हायेत. एक माहा, एक त्याचा. माहा ठेवून घेतला अन् त्याचा दाखवून राहिला."

एवढं बोलून त्या वांगी चिरायला बसल्या. चिरण्याआधी त्यांनी ती तोलली.

काकू सगळं तोलत. पडवीत खिडकीच्या कट्ट्यावर तळहाताएवढा काटा असे, सोनाराकडे असतो तसा. भाजी, साबण, औषधाच्या गोळ्या, देवळातून आलेला प्रसाद, लग्नाच्या पत्रिका, सगळं आधी त्या काट्यावरून जाई. भाजीवाला त्यांच्या दारात वाद नको म्हणून सुरुवातीलाच दोन वांगी जास्त टाकायचा. मी एका दैनिकात काम करत होतो आणि घरी येणारा आमचा अंक काकू वाचण्याआधी तोलत.

"काय गा पत्रकार, आज तुमचा पेपर चाळीस ग्रॅमनं उतरला. जायराती पडल्या वाटते?"

हे त्या चेष्टेने म्हणत, पण त्यांचा अंदाज बरोबर असे. दिवाळी झाल्यावरच्या आठवड्यात तो दर वर्षी बरोबर आला.

ही सवय नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यातली होती. तिथे बांधणी विभागात त्यांनी अठ्ठावीस वर्षं काम केलं. छापून आलेला मोठा कागद, म्हणजे फर्मा, घडी घालायचा, एकात एक बसवायचा, मधोमध दोन पिना मारायच्या, कडा कापायच्या आणि गठ्ठे बांधायचे. हजारो प्रती हाताने मोजायला वेळ नसे. दहा प्रती तोलायच्या आणि त्यावरून गठ्ठा तोलायचा, अशी तिथली पद्धत होती. एखाद्या प्रतीत एक फर्मा कमी असेल तर काट्याआधी हाताला कळायचं, असं त्या सांगत. दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस सगळ्यात धावपळीचे. दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या स्टॉलसाठी पुस्तिका वेळेवर जायला हव्यात. त्या दिवसांत बांधणीतल्या बायका डबे दोन वेळचे आणायच्या.

त्याच छापखान्यात मुलांची कॉमिक्सही छापली जात. काकू चौथीपर्यंत शिकल्या होत्या, कुही तालुक्यातल्या एका गावात. वाचायची गोडी लागली ती फर्म्यांवर. फर्म्यावर पानं क्रमाने नसतात. एका कागदावर पहिल्या पानाशेजारी शेवटचं पान छापलेलं असतं, काही पानं डोकं खाली करून उभी असतात. त्यामुळे काकूंना राक्षस आधी मेलेला दिसायचा आणि नंतर गुहेतून बाहेर येताना. ही सवय त्यांची कधी सुटली नाही. नवीन अंक हाती आला की त्या अजूनही आधी शेवटचं पान उघडतात, मग पहिलं, मग मधलं.

"मेलाच असन, तं भ्यायचं काहून?" असं त्यांचं स्पष्टीकरण होतं.

कापताना बिघडलेल्या प्रती मालक कामगारांना घरी नेऊ द्यायचे. बाकीच्या बायका त्यात पापड गुंडाळत. काकूंनी त्या तांदळाच्या रिकाम्या कोठीत ठेवल्या, तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकून. छापखाना बंद झाला तेव्हा कोठी भरली होती. पुढे मुलीने जुना मोबाइल दिला. त्यावर असल्या अंकांना लोक किती किंमत देतात हे काकूंनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कोठीला कुलूप लावलं.

गटात पहिलं वर्षभर सगळे त्यांना "भैया" म्हणत होते. नावाच्या जागी फक्त आडनाव होतं. त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. एके दिवशी चुकून आवाजी संदेश गेला, तेव्हा गटाला कळलं.

ऑनलाइन खरेदी-विक्रीचे त्यांचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण ते बदलत नसत. पहिला नियम वाटीचा. कोणी दुर्मीळ अंक विकायला काढला आणि त्याचे सुंदर फोटो टाकले की काकू त्याला लिहीत: सतराव्या पानावर उलटी वाटी ठेवून फोटो पाठवा. कधी वाटी, कधी हळकुंड, कधी कांद्याची फोड. वस्तू आणि पान दर वेळी वेगळं. ज्याच्याकडे अंक खरोखर असे तो हसून दोन मिनिटांत फोटो पाठवी. ज्याने फोटो दुसरीकडून उचललेले असत त्याची वेगळीच गडबड सुरू होई. एकाने माझ्यासमोर काकूंना फोन केला होता.

"मॅडम, आपको हम पे भरोसा नहीं है क्या?"

"भरोसा है ना भैया. वाटी नहीं है क्या घर में?"

तो अंक काकूंनी घेतला नाही. त्याच फोटोंवर गटातल्या दोघांनी आगाऊ पैसे पाठवले. त्यांना अंक मिळाला नाही.

दुसरा नियम घाईचा. "अजून दोन गिऱ्हाईक थांबलेत, दहा मिनिटांत पैसे टाका" असा निरोप आला की काकू फोन पालथा ठेवून झोपत. दुपारी एक तास. "घाई त्याले हाये, मले नाही," असं म्हणून. उठल्यावर बहुतेक वेळा अंक तिथेच असे आणि किंमत उतरलेली असे. एकदा खरोखरच अंक गेला. तो त्यांना हवा होता. संध्याकाळी त्यांनी एवढंच विचारलं, की गेला तो कोणाकडे, आणि नाव कळल्यावर त्याचं अभिनंदन केलं.

तिसरा नियम पैसे घेण्याचा. एकदा त्यांनी सहा अंकांचा संच विकायला काढला. सैन्यात आहे असं सांगणाऱ्या एका माणसाने भाव न करता लगेच होकार दिला. काकूंना तेवढ्यानेच संशय आला. अंकाची अवस्था न विचारणारं गिऱ्हाईक त्यांनी तोवर पाहिलं नव्हतं. त्याने चौकोनी कोड पाठवला आणि सांगितलं, हा स्कॅन करून तुमचा पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो, हे काकूंना माहीत होतं. त्यांनी तसं सांगितलं नाही. पुढचा पाऊण तास त्या त्याला प्रश्न विचारत राहिल्या. अंक कोणासाठी घेता? मुलासाठी? कितवीत आहे? वाचता येते का त्याले? पुस्तकं कशात ठेवता, तुमच्या इकडं कसर लागते का? शेवटी त्यानेच फोन कापला. काकूंनी त्याचा नंबर गटावर टाकला आणि खाली लिहिलं: मुलगा तिसरीत आहे म्हणतो, खरं नसावं.

विकतानाही पद्धत ठरलेली होती. अंक प्लास्टिकच्या पिशवीत, दोन्ही बाजूंनी साडीच्या खोक्याचे पुठ्ठे, वरून जाड पाकीट. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक आकडा पेन्सिलने लिहिलेला असे. पाकीट बंद करून त्या स्वतः पोस्टात जात आणि पावती घरी आणून डब्यात ठेवत. पोस्टाच्या पावतीवर पाकिटाचं वजन छापलेलं असतं. ते सहसा कोणी वाचत नाही.

मंगळवारी दुपारी, वांग्याची भाजी झाल्यावर, काकूंनी गटावर उत्तर लिहिलं. आरोपाबद्दल त्यात एक शब्द नव्हता. त्यांनी लिहिलं: अंक परत पाठवा. माझ्याच पुठ्ठ्यात, माझ्याच पिशवीत, माझ्याच पाकिटात घालून. पाकीट वरून टेपने चिकटवा. स्पीड पोस्ट करा आणि पावतीचा फोटो इथे टाका.

खरेदीदाराला यात अडचण वाटली नाही. बुधवारी त्याने पावतीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, की आता तरी बाईंनी चूक कबूल करावी. तीन जणांनी त्याला अंगठ्याचं चिन्ह टाकून दुजोरा दिला. त्यांतले दोघे काकूंकडून नियमित अंक घेणारे होते.

संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा काकूंनी मला खालीच थांबवलं. त्यांच्या हातात डब्यातली जुनी पावती होती आणि मोबाइलवर नवीन पावतीचा फोटो.

"वाच."

मी वाचलं. जाताना एकशे बत्तीस ग्रॅम. येताना एकशे त्र्याहत्तर.

"दोन्हीले पोस्टानं एकच भाव घेतला, म्हून त्याचं ध्यान नाही गेलं," काकू म्हणाल्या. "जुना अंक पेपरच्या कागदावर हाये, हलका. हा नवीन जाड कागद घेऊन आला. चहाच्या पान्यात बुडवून पिवळा केला असन, पिनाले गंजही लावला असन. मेहनत केली गा पोट्ट्यानं."

मी म्हणालो, हे आत्ताच गटावर टाकू या.

"नाही. आता टाकलं तं म्हनन पोस्टाचा काटा बिघडला. पाकीट येऊ दे."

पाकीट शनिवारी दुपारी आलं. काकूंनी ते उघडलं नाही. काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला आणि कोठीवर ठेवून दिलं. रविवारी सकाळी अकराला व्हिडिओ कॉल करायचा, असं त्यांनी गटप्रमुखांना कळवलं होतं. गटप्रमुख जबलपूरचे, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. हिंदी बोलतात. कॉलवर ते होते, खरेदीदार होता आणि गटातले आणखी अकरा जण होते. मी मोबाइल धरून उभा होतो, कारण काकूंना दोन्ही हात मोकळे हवे होते.

काकूंची हिंदी नागपूरची होती. त्यांनी आधी दोन्ही पावत्या दाखवल्या.

"भैया, ये पावती पोस्ट की है, मेरे घर की नहीं. जाते टाइम एक सौ बत्तीस. आते टाइम एक सौ तिहत्तर. पढ़ो."

गटप्रमुखांनी चष्मा बदलला आणि दोन्ही आकडे मोठ्याने वाचले.

"टेप लगाया है उसपे," खरेदीदार म्हणाला. "नया एड्रेस भी चिपकाया है."

काकूंनी कात्रीने टेप कापली, पत्त्याची चिठ्ठी सोलली आणि दोन्ही काट्यावर ठेवली. दोन ग्रॅम. मग पाकीट उघडलं. पुठ्ठे काढले. पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलने त्रेचाळीस लिहिलेलं होतं.

"ये नंबर क्या है, दीदी?" गटप्रमुखांनी विचारलं.

"अंक का वजन. भेजने से पहले लिखती हूँ." त्यांनी खरेदीदाराकडे पाहिलं. "तुमको क्या लगा था, भैया?"

तो म्हणाला, त्याला तो अनुक्रमांक वाटला होता.

काकूंनी पिशवीतून अंक काढून काट्यावर ठेवला. ब्याऐंशी.

खरेदीदाराकडे अजून एक उत्तर होतं आणि ते वाईट नव्हतं. तो म्हणाला, पावसाळा आहे, जुना कागद ओल धरतो, वजन वाढणारच. कॉलवरचे दोघे-तिघे "हाँ, ये तो है" म्हणाले. गटप्रमुखांनीही मान हलवली.

काकू उठल्या. कोठीचं कुलूप काढलं आणि त्याच अंकाची दुसरी प्रत आणली. ही कापताना कोपरा गेलेली होती, म्हणून कधी विकायला काढली नव्हती. ती त्यांनी काट्यावर ठेवली. त्रेचाळीस.

"ये भी इसी बारिश में है," त्या म्हणाल्या.

कॉलवर कोणीतरी हसलं. मग अमरावतीचा एक जण म्हणाला, "थांबा काकू, माह्यापाशी हाये हाच अंक," आणि पडद्यावरून नाहीसा झाला. गटप्रमुखही उठले, त्यांच्याकडेही होता. त्यांनी स्वयंपाकघरातून काटा आणायला पत्नीला हाक मारली, आणि हा काटा कॉमिक्ससाठी कशाला, असं त्या विचारत असल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. पुढची दहा मिनिटं वेगवेगळ्या घरांतून आकडे येत होते. जबलपूर, चव्वेचाळीस. अमरावती, बेचाळीस. रायपूरच्या एका मिठाईवाल्याने दुकानातल्या मोठ्या काट्यावर अंक ठेवला आणि सांगितलं, पैंतालीस, पर दो ग्राम पेड़ा समझ लो. इंदूरच्या एका शिक्षिकेने त्रेचाळीस सांगून अंक आणि काटा दोन्ही कॅमेऱ्यासमोर धरले.

"ब्याऐंशीवाला कोनापाशी हाये?" अमरावतीच्या माणसाने विचारलं. "सांगा बाप्पा, लाजू नका!"

खरेदीदाराने आधी कॅमेरा बंद केला. अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी तो कॉलमधून बाहेर पडला.

मग गटप्रमुख म्हणाले, "दीदी, माफ करना. हमसे जल्दी हो गई."

"माफी लिखके दो," काकू म्हणाल्या. "आरोप लिखके था."

बारा वाजून पाच मिनिटांनी गटावर माफी आली. ती चार ओळींची होती, त्यात काकूंचं पूर्ण नाव होतं आणि ती आठवडाभर सगळ्यात वर ठेवण्यात आली. बुधवारी ज्या तिघांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं होतं त्यांनी ते काढून टाकलं. दुपारी मुलीचा मौद्याहून फोन आला. जावयाने तिकडे सगळ्यांना सांगितलं होतं. मुलगी म्हणाली, "माय, तू तं वकील व्हाले पायजे होती वं." काकू म्हणाल्या, की वकिलाकडे काटा नसतो, आणि जेवायला बसल्या.

त्यांचं नुकसान काहीच झालं नव्हतं. खरा अंक खरेदीदाराकडे होता आणि त्याचे पैसे त्याने भरले होते. हे काकूंनी मला समजावून सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या, की त्यांना पाणी प्यावं लागलं. "त्यानं तं इमानदारीनं विकत घेतला गा!" असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

सोमवारी त्यांनी नकली अंक पुन्हा पाकिटात घातला आणि त्याच्या पत्त्यावर पाठवून दिला, कारण तो त्याचा होता. आठ दिवसांनी पाकीट परत आलं. त्यावर घेण्यास नकार असा शेरा होता.

त्याच आठवड्यात गटातल्या दोन जुन्या विक्रेत्यांनी लिहिलं, की याच माणसाने त्यांच्यावरही असाच आरोप केला होता. गटात नाव खराब होईल म्हणून त्यांनी गुपचूप पैसे परत केले होते आणि नक्कल ठेवून घेतली होती. दोघांकडेही पोस्टाच्या दोन-दोन पावत्या होत्या, एक पाठवल्याची आणि दुसऱ्या, परतीच्या पावतीचा फोटो. काकूंनी त्यांना फोनवर विचारून विचारून त्या शोधायला लावल्या. चारही पावत्यांसह सायबर पोलिसांकडे तक्रार गेली. महिन्याभरात दोघांनाही त्याच्याकडून पूर्ण रक्कम परत मिळाली.

मी नंतर हुडकेश्वर सोडलं. काकूंनी मलाही गटात घेतलं होतं, त्यात मात्र अजून आहे. तिथे सध्या तीन गटप्रमुख आहेत: जबलपूरचे गृहस्थ, अमरावतीचा तो माणूस आणि काकू.